ठेकेदाराकडे कामाला लागताय? गेटपासपासून पीएफच्या पैशापर्यंत काय काय सांभाळायचं

सकाळी सहाला चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहा. पाठीवर सॅक आणि हातात बोचकं घेतलेली पोरं दिसतील. कुणी अहमदपूरहून रात्रीच्या गाडीनं आलेलं, कुणी पुसदहून, कुणी माजलगावहून. गावातल्या आधी आलेल्या मित्रानं ठेकेदाराचा नंबर दिलेला असतो. ठेकेदार फोनवर एवढंच सांगतो, "आधार घेऊन ये, उद्यापासून लाग." पगार किती, कुणाच्या नावावर, किती तासांचा, हे विचारायचं राहून जातं. बारावी होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या पोराला ते विचारायची हिंमतही नसते.

मीही २०१५ साली असाच लागलो. सात महिने हेल्परचं काम केलं, दरमहा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापून पगार घेतला. पुढं पासबुक उघडलं तर चारच महिन्यांचे पैसे भरलेले. उरलेल्या तीन महिन्यांचा पुरावा माझ्याकडे नव्हता, कारण पगाराची पावती मागायची असते हेच ठाऊक नव्हतं. ते पैसे गेले ते गेलेच. आता मी एका कारखान्यात क्वालिटीत कायम आहे आणि रविवारी खोलीवर आजूबाजूच्या पोरांचे पीएफचे अर्ज भरून देतो. दर रविवारी तोंडी सांगतो तेच इथं सलग लिहितोय. उदाहरणं चाकणची आहेत, पण रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव इथंही हेच लागू पडतं.

गावातून निघायच्या आधी

आधार कार्ड आणि दहावीचं मार्कशीट शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी. कुठं वडिलांच्या नावापुढं 'राव' लागलेलं असतं, कुठं नसतं. जन्मतारखेतही एखाद्या आकड्याचा फरक सापडतो. पुढं पीएफ काढताना अर्ज परत येतात ते बहुतेक याच कारणानं, आणि तेव्हा ठेकेदाराच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात. तालुक्याच्या आधार केंद्रावर आत्ताच दुरुस्ती करून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडा आणि तो नंबर बदलू नका. रिचार्ज संपला म्हणून नवं सिम घेतलं की ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि सगळं अडतं.

बँक खातं स्वतःच्या नावाचं हवं, मित्राच्या खात्यावर पगार घेऊ नका. मूळ मार्कशीट, मूळ टीसी किंवा एटीएम कार्ड ठेकेदाराकडे ठेवायचं नाही. झेरॉक्स द्या आणि त्यावर तारीख टाकून 'फक्त नोकरीसाठी' असं लिहा.

आणि पैसे. एक तारखेला लागलात तरी पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आसपास येतो, म्हणजे पाच-साडेपाच आठवडे खिशातून काढायचे. कॉट बेसिसचं (खोलीत एका खाटेपुरत्या जागेचं) डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स आणि जाण्यायेण्याचं भाडं हाताशी असेल तरच निघा. ही सोय नसली की पोरं ठेकेदाराकडूनच उचल घेतात आणि मग त्यालाच प्रश्न विचारायला तोंड राहत नाही.

ठेकेदार पारखून घ्या

नोकरी लावण्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. रजिस्ट्रेशन फी, ड्रेसचे पैसे, मेडिकलचे पैसे, 'पहिल्या पगारातून वळते करू', यातलं काहीही नाही. खऱ्या ठेकेदाराला कंपनी माणसामागं पैसे देते, त्याला तुमच्याकडून घ्यायची गरज नसते.

मग हे विचारा: काम कुठल्या कंपनीत? कितीची शिफ्ट? महिन्याचे किती दिवस? ग्रॉस (कपातीआधीचा पगार) किती आणि हातात किती? पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) आहे का? ओटीचा, म्हणजे जादा तासांचा दर काय? उत्तरं व्हॉट्सॲपवर मागा. फोनवर गोड बोलणारा माणूस लिहून द्यायला टाळाटाळ करतो, तिथंच पुरेसं कळतं. समोरासमोर बोलणं झालं असेल तर खोलीवर आल्यावर तुम्हीच मेसेज टाका, "दादा, आज ठरल्याप्रमाणे आठ तास, २६ दिवस, ग्रॉस इतके, बरोबर ना?" त्यानं नुसतं 'हो' म्हटलं तरी तो कागद झाला.

आणखी एक गोष्ट घरबसल्या करता येते. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. ठेकेदाराच्या फर्मचं नाव टाका. कोड नंबर दिसतो आणि त्याच्या आत कुठल्या महिन्याचा पीएफ किती जणांसाठी कधी भरला तेही दिसतं. तो सांगतो 'माझ्याकडे तीनशे पोरं' आणि तिथं चाळीस जणांचाच भरणा दिसला, तर उरलेल्यांच्या पगारातून कापलेले पैसे कुठं जातात ते विचारा. फर्मचं नावच सापडलं नाही तर दुसरा ठेकेदार बघा. चाकणमध्ये ठेकेदारांची कमी नाही.

बारा तासांचे अठरा हजार

या भागापाशी जरा थांबा, वही-पेन घ्या.

"अठरा हजार देतो" या वाक्याला एकट्याला काही अर्थ नाही. समजा शिफ्ट बारा तासांची आहे आणि दिवस २६. आठ तासांच्या हिशेबानं महिन्याचे तास होतात २०८. बारा तासांनी होतात ३१२, म्हणजे १०४ तास जादा. आठवड्याच्या ४८ तासांवरच्या कामाला कायद्यानं दुप्पट दर आहे, म्हणून ते १०४ तास २०८ धरायचे. एकूण झाले ४१६. अठरा हजार भागिले ४१६ म्हणजे तासाला ४३ रुपयांच्या आसपास. त्या दरानं आठ तासांची महिन्याची नोकरी होते बरोबर ९,००० रुपयांची. अठरा हजारांच्या नावाखाली तुम्ही नऊ हजारांवर राबताय.

आता हा आकडा किमान वेतनाशी ताडून बघा. महाराष्ट्रात उद्योगानुसार दर वेगळे असतात. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आणि भागानुसार परिमंडळं असतात. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. कामगार आयुक्तांच्या वेबसाइटवर तक्ता असतो, आपल्या उद्योगाचा काढून मोबाइलमध्ये ठेवा. पुणे परिसरातल्या कारखान्यांचा अकुशल दरसुद्धा नऊ हजारांच्या बराच वर आहे. महिन्याच्या दराला २६ नं भागलं की दिवसाचा दर मिळतो. दर सहा महिन्यांनी हे करा, कारण भत्ता वाढला तरी ठेकेदार आपणहून वाढवत नाही.

दुसरी खोच कपातीत असते. आठ तासांची शिफ्ट आणि ग्रॉस १८,००० असं खरोखर ठरलं असेल, तर काय कापलं जाईल? पीएफ १५,००० च्या मर्यादेवर धरला तर १२ टक्के, म्हणजे १,८००. ईएसआय ०.७५ टक्के, म्हणजे १३५. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात आले १५,८६५. पण पुष्कळ ठेकेदार मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून काढतात: पीएफपोटी १३ टक्के म्हणजे १,९५० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५. मग हातात राहतात १३,३३०. महिन्याला २,५३५ रुपये गेले. मालकाचा हिस्सा मालकानंच भरायचा असतो, ठरलेल्या पगारातून तो कापता येत नाही. स्लिपवर पीएफच्या दोन ओळी दिसल्या की लगेच विचारा.

महिला कामगारांसाठी एक: २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही. तरी काही ठिकाणी दोनशे रुपये कापले जातात. पॅकिंग लाइनवरच्या आमच्या एका ताईंनी स्लिप दाखवून हे बंद करून घेतलं आणि मागचे पैसेही परत मिळवले.

'ट्रेनी' या शब्दापाशी सावध राहा. अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार झालेल्या शिकाऊ उमेदवाराला पीएफ-ईएसआय लागत नाही, स्टायपेंड मिळतो आणि शेवटी प्रमाणपत्र. हे ठीक आहे, चांगलं आहे. पण करार नाही, अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंद नाही, शिकवणारं कुणी नाही, आणि लाइनवर कायम माणसासारखंच उत्पादन काढायचं, तर ते शिक्षण नव्हे. करार नंबर मागा. नसेल तर तुम्ही कामगार आहात आणि कामगाराचा पगार तुमचा हक्क आहे.

पहिला आठवडा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं बंधन आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात मागा. पत्रात ठेकेदाराच्या फर्मचं नाव, कंपनीचं नाव, पद, पगार आणि रुजू तारीख हवी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. "सगळ्यांनी केलीय" असं सांगतील. तरी नको. फारच अडलं तर सहीखाली स्वतः तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा.

पीएफचा यूएएन नंबर आयुष्यात एकच. आधी कुठं काम केलं असेल तर जुना नंबर द्या, नवा काढू देऊ नका. पहिलीच नोकरी असेल तर आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून स्वतःच यूएएन तयार करायचा असतो. ईएसआयचा विमा नंबरही पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. त्याचं कारण पुढं अपघाताच्या भागात येईल.

आणि एक वही करा. वीस रुपयांची वही. रोज तारीख, शिफ्ट, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, सुपरवायझर कोण, ओटी किती. गेटपासचा, हजेरी कार्डाचा फोटो. मोबाइल हरवतो, वही राहते, म्हणून दोन्ही. रोजच्या रोज स्वतःच्या हातानं लिहिलेल्या वहीला वजन असतं. शिवाय या चार संहितांपैकी वेतन संहितेनुसार पगार कमी दिल्याचा दावा दाखल झाला की पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. तुम्ही नेमक्या तारखा मांडल्यात, की त्याला त्यांची उत्तरं द्यावी लागतात.

दर महिन्याला दहा मिनिटं

सात तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा पगार खात्यावर यायला हवा, आणि त्याची स्लिप मिळायला हवी. मागच्या महिन्याचा पीएफ ठेकेदारानं पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून वीस तारखेला पासबुक बघायचं. यूएएनला जोडलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजवर येते. पण दोन-तीन महिन्यांनी एकदा पूर्ण पासबुक उघडा. १५,००० वर पीएफ असेल तर तीन आकडे दिसले पाहिजेत: तुमचे १,८००, मालकाचे ५५०, पेन्शनचे १,२५०. स्लिपवर १,८०० कापले आणि पासबुकात १,००० दिसले तर फोटो काढा, वहीत लिहा आणि त्याच आठवड्यात विचारा. एका महिन्याची चूक दुरुस्त होते. साठत गेलेल्या महिन्यांची होत नाही, हे मी भोगलंय.

बोट कापलं तर

प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. चाकण-भोसरीच्या चहाच्या टपऱ्यांवर बोटं गेलेले हात मी मोजायचं सोडून दिलंय.

अपघात झाला की सुपरवायझर गाडीत घालून जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो आणि वाटेत सांगतो, "खोलीवर पडलो म्हणून सांग, बिल आपण भरू." पोरगं घाबरलेलं असतं, हो म्हणतं. टाके पडतात, आठ दिवसांची सुट्टी मिळते आणि नंतर नोकरीही जाते. केस पेपरवर 'घरी पडला' लिहिलेलं असतं म्हणून पुढं काहीच मिळत नाही.

डॉक्टरला खरं सांगा: कुठल्या कंपनीत, कुठल्या मशीनवर, किती वाजता. तसंच लिहून घ्या. तुमची शुद्ध हरपली असेल तर सोबतच्या मित्रानं सांगावं, म्हणून हे रूममेटलाही वाचायला द्या. कंपनीच्या अपघात नोंदीत नाव गेलं का ते बघा. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताचं संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं, त्याला ठरावीक दिवसांची अट नाही. उपचार मोफत, बरे होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता, आणि बोट कायमचं गेलं तर कमाईची क्षमता किती घटली त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे. पिंपरी-चिंचवडकडच्यांना मोहननगरचं ईएसआय रुग्णालय आहे, पुण्यात बिबवेवाडीला आहे. बिल भरतो म्हणणाऱ्याचे आठ-दहा हजार आणि आयुष्यभराचं पेन्शन, या दोन्हींची तुलना त्या क्षणी सुचत नाही. आत्ता करून ठेवा.

साध्या आजारपणातही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के भत्ता मिळतो, मात्र त्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. बाळंतपणाला २६ आठवडे.

पैसे अडकले तर कुणाकडे जायचं

क्रम पाळा, उड्या मारू नका. आधी ठेकेदाराला लेखी: किती दिवसांचे, किती रुपये. आठ दिवस वाट पाहा. मग कंपनीच्या एचआरला त्याची प्रत. इथं पोरं कचरतात, 'आपण तर ठेकेदाराचे' म्हणतात. पण ठेकेदारानं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी ज्या कंपनीत काम केलं तिच्यावर येते. कायद्यात तिला मुख्य मालक म्हणतात. पुष्कळदा ही प्रत पोचली की प्रश्न तिथंच मिटतो, कारण ठेकेदाराचं बिल कंपनीकडे अडकलेलं असतं.

तरी नाही झालं तर पगार आणि ओटीसाठी कामगार आयुक्त कार्यालय, पीएफसाठी ईपीएफओचं तक्रार पोर्टल किंवा जवळचं पीएफ कार्यालय, ईएसआयसाठी त्यांचं शाखा कार्यालय. सोबत वही, स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, गेटपासचा फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणून नोकरी सुटून वर्ष झालं तरी हातपाय गाळू नका. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

एकटे जाऊ नका. एकाच लाइनवरची पाच पोरं एकत्र गेली तर ऐकून घेण्याची तऱ्हाच बदलते.

हेल्परवरून वर कसं सरकायचं

हक्काचे पैसे मिळाले तरी हेल्परचा पगार हेल्परचाच राहतो. पहिल्या सहा महिन्यांत एक नजर कायम वरच्या कामावर ठेवा. पॅकिंगला असाल तर इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ जा, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापं घ्यायची साधनं वाचायला शिका. मी जेवणाच्या सुट्टीत शिकलो, शिकवणारा ऑपरेटर बीडचा होता, चहाच्या बदल्यात शिकवायचा. ड्रॉइंग वाचता आलं की हेल्पर हा शिक्का निम्मा पुसला जातो. सीएनसी, व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनं) आणि वेल्डिंगच्या कामाला माणूस सहज सापडत नाही, त्यामुळं दर तिथंच हलतो.

घरून अजून निघाला नसाल आणि दहावी-बारावीत बरे मार्क असतील, तर थेट ठेकेदाराकडे येण्याऐवजी आयटीआय करा, हे मी हात जोडून सांगतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, कुठलाही. आयटीआय झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमालाही प्रवेश मिळतो, आणि मोठ्या कंपन्यांची अप्रेंटिसशिप त्याच्यासाठीच असते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ ला बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. अनुभव नसलेल्याला ही एक पायरी आहे, पण मुदत संपल्यावर नोकरीची हमी नाही, हे धरूनच जा.

कंपनीत थेट मुदत कराराची (ठरावीक काळासाठी कंपनीशीच केलेल्या कराराची) जागा निघाली तर ठेकेदाराकडची सोडून ती धरा, पगार थोडा कमी असला तरी. मुदत करारावरच्या कामगाराला नव्या संहितेनुसार एका वर्षाच्या नोकरीवर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

सोडताना

सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' देतात, म्हणजे सलग नोकरीचे २४० दिवस भरू नयेत अशी सोय. ब्रेक दिला तरी तेवढ्या दिवसांचा बोनस तुमचाच असतो. वर्षात ३० दिवस काम झालं असेल तर बोनसच्या नियमात बसणाऱ्याला किमान ८.३३ टक्के मिळतो, आणि तो दिवाळीला आठवण करून मागावा लागतो. नोकरी सुटली की उरलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो. अनुभवपत्र त्याच वेळी घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.

पीएफ लगेच काढू नका. प्रत्येक ब्रेकला पोरं पंधरा-वीस हजार काढतात, ते गावच्या जत्रेत संपतात, आणि काढताना पेन्शनचे पैसेही घेतले की पेन्शनची वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू होतात. दहा वर्षं भरली तर म्हातारपणी पेन्शन मिळतं, वेगवेगळ्या ठेकेदारांकडची वर्षं धरूनसुद्धा. म्हणून नव्या ठिकाणी तोच यूएएन देऊन जुना पीएफ तिकडे वळवा. जुन्या ठेकेदारानं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर पीएफ अडतो. त्यासाठी त्याच्या मागं धावू नका. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने थांबा, मग ईपीएफओच्या पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं ती तारीख स्वतःच टाकता येते. तारीख कुठली टाकायची, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असेल.